हृदयाभोवतीचं पाणी आणि लघवीची गोळी

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी मुलाने विचारलं आहे. त्याच्या आप्पांचं वय 61, दहा वर्षांपासून साखरेचा त्रास. दोन महिने संध्याकाळी ताप यायचा, वजन 62 वरून 54 किलोवर आलं, मग बागेत दोन सऱ्या चाललं तरी दम लागायला लागला. जळगावला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. त्यात हृदयाभोवती 16 मिलिमीटर पाणी दिसलं, पण हृदयावर दाब नव्हता. मानेतल्या गाठीच्या तपासणीत टीबी निघाला, तोही नेहमीच्या औषधांना दाद देणारा. डॉक्टरांनी टीबीच्या चार गोळ्या, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी आणि पित्ताची एक गोळी सुरू केली. आता शेजारचे म्हणतात, "आमच्या बाबांच्या पायावरची सूज लघवीच्या गोळीने आठ दिवसांत उतरली, तुमच्या डॉक्टरांनी ती का दिली नाही?" मेडिकलवाल्यानेही अर्धी गोळी घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. सुरतचे मेहुणे म्हणतात, ताबडतोब सुई लावून पाणी काढून टाका. मुलाचे प्रश्न तीन आहेत: पाणी सुकवायची गोळी का नाही, सुई लावावी का, आणि हे किती दिवस चालणार.

भाऊ, पहिलं सांगतो. ती अर्धी गोळी आप्पांना देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आज पाळा.

आपल्याकडे "पाणी झालं" या एका शब्दात चार वेगळे आजार येतात. फुफ्फुसाबाहेर पाणी, पोटात पाणी, पायावर सूज आणि हृदयाभोवती पाणी. पेशंट येऊन म्हणतो, "छातीमा पानी शे", आणि ते यातलं कोणतं हे त्यालाही सांगता येत नाही, कारण कुणी त्याला समजावलेलं नसतं. शेजारच्या बाबांचं पाणी वेगळ्या जातीचं होतं. हृदयाचा पंप कमजोर झाला की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. रक्तातच पाणी जास्त होतं आणि ते पायात उतरतं. तिथे फ्युरोसेमाइडसारखी गोळी मूत्रपिंडातून मीठ-पाणी बाहेर काढते, म्हणून सूज उतरते. पाटाला जास्त पाणी सुटलं आणि शेत भरलं, तर पाट कमी केला की शेत मोकळं होतं, तसं ते आहे.

आप्पांचं शेत पाटाने भरलेलं नाही, ते बांधाखालून झिरपून भरलंय. हृदयाभोवती दोन पदरी पिशवी असते, तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांमध्ये निरोगी माणसातही 15 ते 50 मिलिलिटर पाणी असतं. हृदय दिवसभरात लाखभर वेळा हलतं, ते घासू नये म्हणून ही वंगणाची सोय आहे. टीबीच्या जंतूंमुळे या पिशवीला सूज आली की तिच्या बारीक रक्तवाहिन्यांतून प्रथिनांनी भरलेलं दाट पाणी पाझरत राहतं, आणि ते शोषून नेणाऱ्या बारीक नळ्याही सुजेने तुंबतात. म्हणजे आवक वाढते आणि निचरा बंद होतो. मूत्रपिंडाला रक्तातलं पाणी ओढता येतं, या बंद पिशवीतलं दाट पाणी ओढता येत नाही. म्हणून लघवी कितीही झाली तरी पिशवी जवळपास तशीच राहते.

गोळीचा नुसता उपयोग झाला नसता, तर मी इतकं ठासून सांगितलं नसतं. तिने नुकसान होऊ शकतं. पिशवीतलं पाणी वाढलं की ते हृदयाला बाहेरून दाबतं. दाबलेलं हृदय ठोका देऊ शकतं, पण दोन ठोक्यांमध्ये त्याला फुलून रक्त आत घेता येत नाही. अशा वेळी शिरांतून येणाऱ्या रक्ताचा जो दाब असतो, तोच त्याला उघडं ठेवतो. आता लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी केलं की तो आधारच जातो. विहिरीची पातळी फुटबॉलच्या, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेच्या, खाली गेली की मोटार कोरडी चालते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. मोटार चांगली असते, पण उपसायला पाणीच नसतं. त्यात आपल्याकडचा मे महिना, पारा 44-45 वर, घामाने माणूस आधीच सुकलेला.

शिरपूरकडून आलेली एक बाई मला अजून आठवते. चाळिशीची, शेतमजूर. पाय सुजलेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ, हातपाय गार. रात्र रात्र पलंगावर पुढे वाकून बसून काढायची. गावाकडच्या एका दवाखान्यातून तीन आठवडे लघवीच्या गोळ्या चालू होत्या. दर आठवड्याला डोस वाढत होता, कारण सूज उतरत नव्हती. वरचं ब्लडप्रेशर 80. मनगटाची नाडी धरली तर ती श्वास आत घेताना जवळजवळ हरवायची आणि सोडताना परत लागायची. ही खूण ज्याने एकदा बोटांनी अनुभवली तो विसरत नाही. इकोमध्ये हृदय पाण्यात तरंगत होतं. आम्ही आधी गोळ्या बंद केल्या आणि सलाइन लावलं. नातेवाईक माझ्याकडे बघतच राहिले, पाणी झालेल्या बाईला आणखी पाणी का देताय म्हणून. पण सुई लावायची तयारी होईपर्यंत हृदय भरतं ठेवायला तेच लागतं. मग छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून, इकोत बघत बघत नळी घातली आणि टप्प्याटप्प्याने 900 मिलिलिटर लालसर पाणी निघालं. पहिलं दोनशे निघालं तेव्हाच ती म्हणाली, "आता बरं वाटतं." तिलाही टीबीच होता. त्या दवाखान्यातल्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. त्याने सूज पाहिली, मान पाहिली नाही.

सुई आप्पांना आत्ता लागेल का? तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टवरून तरी नाही. इकोमध्ये 10 मिलिमीटरपेक्षा कमी पाणी थोडं, 10 ते 20 मध्यम आणि 20 च्या वर जास्त मानतात. आप्पा मध्यम गटात आहेत आणि हृदय दबलेलं नाही. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पाणी किती यापेक्षा ते किती वेगाने साचलं याला जास्त महत्त्व आहे. जुनी पखाल आठवा. ती हळूहळू भरली की चामडं ताणत जातं आणि बरंच पाणी मावतं, एकदम भरली की टाके उसवतात. हृदयावरणाचंही असंच आहे. महिनोन्महिने साचलेलं लिटरभर पाणी काही जण सहन करतात, आणि अपघातात किंवा महाधमनी फाटून पाव लिटरही नसलेलं रक्त एकदम साचलं तर माणूस काही मिनिटांत जातो.

सुई दोन कारणांसाठी लावतात. एक, हृदय दबलं असेल तर जीव वाचवण्यासाठी. तिथे कुठलीही गोळी पर्याय नाही. दुसरं, कारण सापडत नसेल तर तपासायला पाणी हवं म्हणून. आप्पांचं कारण मानेच्या गाठीतून सापडलं आहे, ही मोठी गोष्ट झाली. हृदयाभोवतीच्या पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात. ते पाणी सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीला, पाठवलं तरी बऱ्याचदा रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि मग एडीएसारख्या, म्हणजे पाण्यातलं एक द्रव्य मोजणाऱ्या, तपासण्यांवरून अंदाज बांधावा लागतो. मेहुण्यांची काळजी खरी आहे, ती झटकू नका, पण त्यांना हे सांगा. आणि उद्या खरंच गरज पडली तर "सुई लावली की माणूस जातो" या भीतीने मागे हटू नका. जे जातात ते बहुतेक उशिरा आणल्यामुळे जातात. पू झाला असेल, तर मात्र नुसत्या औषधावर थांबताच येत नाही, तो बाहेर काढावाच लागतो.

आता औषधांकडे येतो, कारण मूळ प्रश्न तोच आहे. हृदयाभोवतीचं पाणी सुकवणारी अशी एक गोळी कुठेच नाही. औषध कारणाला द्यायचं असतं, आणि कारण आटोक्यात आलं की पाझर थांबतो आणि पिशवी आपलं पाणी आपण शोषते.

आपल्या देशात, त्यातही आपल्या भागात, महिनाभर रेंगाळलेल्या पाण्याच्या मागे पहिला संशय टीबीचा घ्यावा लागतो. टीबीची औषधं नव्हती त्या काळात हृदयावरणाचा टीबी झालेल्या पाच जणांतले चार दगावत. आज गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. आप्पांचं वजन 54 आहे, म्हणून एकत्रित गोळ्या चार. वजन वाढलं की डोस पुन्हा बघावा लागतो, म्हणून दर महिन्याला वजन करा. लघवी आणि घाम नारिंगी होईल. ते रिफाम्पिसिनमुळे होतं, ते रक्त नसतं. भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले किंवा रंग ओळखायला त्रास झाला, तर त्याच दिवशी दाखवा. निक्षय या टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नाव आणि बँक खातं नोंदवलंय का तेही बघा. नोव्हेंबर 2024 पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा 1000 रुपये मिळतात. अंडी, डाळ, शेंगदाण्याला ते उपयोगी पडतात. कळण्याची भाकरी आणि डाळ आप्पांना चालतेच, फक्त पापड-लोणच्याचं मीठ आवरा, कारण प्रेडनिसोलोन अंगात मीठ धरून ठेवतं.

प्रेडनिसोलोनबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण या गोळीशी आपल्याकडे दोन्ही टोकांनी गैरवर्तन होतं. कुणी ती ताकदीची गोळी म्हणून महिनोन्महिने खातं, तर कुणी स्टेरॉइड हे नाव ऐकून दुसऱ्या दिवशी फेकून देतं. ती का दिली? टीबी बरा होताना पिशवीचे पदर एकमेकांना चिकटून जाड, कडक होऊ शकतात. मग पाणी नसतं, पण हृदय नारळाच्या करवंटीत अडकल्यासारखं होतं. आफ्रिकेतल्या आठ देशांत 1400 रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रेडनिसोलोनने मृत्यू कमी झाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण करवंटी होण्याचं प्रमाण शंभरात जवळपास 8 होतं ते साडेचारच्या आत आलं आणि दवाखान्यात भरती व्हायची वेळही कमी आली. ज्यांना एचआयव्ही होता त्यांच्यात मात्र या गोळीने काही कॅन्सर वाढलेले दिसले. म्हणून एचआयव्हीची तपासणी आधी झालेली हवी. आप्पांची झाली आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची ती करतातच, त्यात लाजण्यासारखं काही नाही, रिपोर्ट बघून घ्या.

ही गोळी सकाळी, पोटात काही गेल्यावर द्या. साधारण सहा ते आठ आठवडे चालते आणि डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात. मधेच एकदम बंद केली तर माणूस गळून जातो, प्रेशर पडतं. आणि साखर चढणारच. एक तर स्टेरॉइड साखर वाढवतं, शिवाय रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर कमी होतो. आप्पांना तात्पुरतं इन्सुलिन लागलं तर घाबरू नका, स्टेरॉइड थांबलं की बहुतेकांचं तेही सुटतं. जेवणानंतर दोन तासांनी आठवड्यातून दोन-तीनदा साखर बघा, विशेषतः दुपारची आणि रात्रीची. सकाळी उपाशीपोटी ती बऱ्याचदा फसवी चांगली दिसते.

तुमच्या एखाद्या नातेवाइकाला याच दुखण्यावर कोल्चिसिन मिळालं असेल आणि आप्पांना का नाही, असंही मनात येईल. ते वेगळ्या कारणाचं औषध आहे. व्हायरसच्या तापानंतर तरुण माणसाला छातीत टोचतं, झोपलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की कमी होतं आणि इकोत थोडं पाणी दिसतं. तिथे आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन एक-दोन आठवडे भरपूर डोसमध्ये, पोटाच्या गोळीसोबत, आणि जोडीला कोल्चिसिन तीन महिने. वजन 70 किलोच्या आत असेल तर 0.5 मिलिग्रॅम दिवसातून एकदा, वर असेल तर दोनदा. 2005 आणि 2013 मधल्या अभ्यासांनी दाखवलं की कोल्चिसिनने हे दुखणं उलटायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. यात मी स्टेरॉइड आधी कधीच देत नाही. त्याने दोन दिवसांत आराम पडतो, पण बंद केलं की दुखणं परत येतं आणि वर्षभर पिच्छा सोडत नाही. टीबीच्या पाण्यात कोल्चिसिनचा फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणून आप्पांना नाही दिलं ते बरोबर.

हे कोल्चिसिन आपल्या सातपुड्यात उगवतं. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत तेच द्रव्य असतं. वनस्पती औषधी आहे म्हणून कुणी कंद उगाळून द्यायला सांगितलं तर अजिबात देऊ नका. औषध आणि विष यांच्यातलं अंतर या द्रव्यात फार थोडं आहे. कळलावीचा कंद खाल्लेल्या माणसाला उलट्या-जुलाब होतात, मग रक्तपेशी, मूत्रपिंड, हृदय एकेक करून बसत जातं, आणि त्यावर उतारा सहज मिळत नाही. कारखान्यातली मोजून केलेली गोळीसुद्धा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना जपून द्यावी लागते, आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ती विषासारखी साचते.

बाकी कारणं थोडक्यात. थायरॉइड मंदावल्याने पाणी झालेली भुसावळची एक आजी माझ्याकडे होती. तिला फक्त थायरॉइडची गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, अगदी थोड्या डोसपासून. पाणी जायला पाच महिने लागले, पण सुई लागली नाही. मूत्रपिंड निकामी झाल्याने पाणी झालं असेल तर गोळ्यांच्या मागे वेळ घालवू नये, डायलिसिस वाढवावं लागतं. आणि रावेर-यावलच्या अशा पेशंटला मला दर वेळी हात जोडून सांगावं लागतं की घरची केळी असली तरी तुमच्यासाठी नाहीत, त्यातलं पोटॅशियम तुमचं हृदय थांबवू शकतं. कॅन्सरचं पाणी काढलं तरी पुन्हा भरतं, त्याची वाट वेगळी. आप्पांचं मूत्रपिंड ठीक असेल तर केळी बंद करायची गरज नाही, फक्त साखर बघून अर्धं-पाऊण खाऊ द्या.

किती दिवस? टीबीच्या गोळ्या सहा महिने, एकही दिवस न चुकवता. ताप बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत जातो, पाणी ओसरायला महिना-दोन महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत औषध चालू असतानाही पाणी थोडं वाढू शकतं, त्यासाठीच दुसरा इको पंधरा दिवसांनी हवा. तो चांगला आला म्हणून पुढचे सोडू नका. एक महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहाव्या महिन्याला करा. त्यात नुसतं पाणी किती हे न विचारता, "पिशवी जाड झालीय का, हृदय नीट फुलतंय का" हेही डॉक्टरांना विचारा. चौथ्या-पाचव्या महिन्यात पोट फुगलं, पाय सुजले आणि इकोत पाणी दिसलं नाही, तर करवंटीचा संशय घ्यायचा. त्या वेळी लघवीची गोळी खरोखर उपयोगी असते, पण तीही डॉक्टरांनी मोजून दिलेली, आणि काहींना पुढे ऑपरेशन करून ती पिशवी काढावी लागते.

तोपर्यंत आप्पांना केळीचे घड वाहू देऊ नका, फवारणीचा पंप पाठीवर नको. सकाळी उन्हं चढायच्या आत बागेत चक्कर मारली तर चालेल. पाणी तहानेप्रमाणे पिऊ द्या, जबरदस्तीने तोडू नका. रक्त पातळ करायची गोळी आधीपासून चालू असेल तर ती तुम्ही स्वतः बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच सांगा.

आणि या खुणा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, आईलाही. आडवं पडता येत नाही, बसूनच श्वास लागतो. मानेच्या शिरा बसल्या बसल्या फुगलेल्या दिसतात. हातपाय गार, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. नाडी जोरात धावते पण मनगटाला नीट लागत नाही. वरचं प्रेशर 100 च्या खाली येतं. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा आणि जिथे इको आणि सुई दोन्ही रात्री होतील तिथेच न्या. चोपड्याहून तापी ओलांडून जळगावला यायला तासाच्या वर लागतो, म्हणून कुठे जायचं हे आजच ठरवा, त्यांचा नंबर भिंतीवर लिहा. जनआरोग्य योजनेची कागदपत्रं आणि पहिल्या इकोची प्रत एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. गाडीत आप्पांना झोपवू नका, पुढे वाकून बसू द्या, आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य "दम लागतोय" असं नको, "हृदयाभोवती पाणी आहे, टीबीच्या गोळ्या चालू आहेत" असं सांगा.